साहेबांकडे पाठ कर

गेल्या आठवड्यात भाच्याचा फोन आला. एसएससी जीडीची, म्हणजे केंद्रीय दलांतल्या शिपाईभरतीची, लेखी परीक्षा देऊन झालीय, आता मैदानीची तयारी चाललीय. म्हणाला, "मामा, मला तुमच्यासारखं व्हायचंय. काळा गॉगल, कानात वायर, नेत्याच्या शेजारी." मी म्हटलं, "बाळा, गॉगल मी सगळ्या नोकरीत दोनदा घातला. दोन्ही वेळा डोळे आले होते."

फोनवर बोलणं संपेना, म्हणून लिहायला घेतलं. आहे भाच्यासाठीच. पण आमच्या माणमध्ये आणि शेजारच्या खटावात गावोगाव दोन-चार पोरं पहाटे डांबरीवर धावताना दिसतात. त्यांच्याही कामी यावं.

मी सीआरपीएफमधून निवृत्त झालो. मधली काही वर्षं डेप्युटेशनवर मानेसरला, एनएसजीत, म्हणजे राष्ट्रीय सुरक्षा रक्षक दलात. तिथून परत मूळ दलात, तीच व्हीआयपी ड्यूटी. कोणाबरोबर होतो ते सांगणार नाही. आम्ही सगळ्यांना साहेबच म्हणायचो, इथंही साहेबच म्हणतो.

आधी दार कुठं आहे ते बघ

"एसपीजीत थेट भरती, अमुक रुपये भरा" असे मेसेज फिरतात. सगळे खोटे. एसपीजी म्हणजे पंतप्रधानांना राखणारं दल. त्यात काय आणि एनएसजीत काय, बाहेरून कुणी थेट शिरत नाही. आधी सीआरपीएफ, बीएसएफ, सीआयएसएफ, आयटीबीपी अशा एखाद्या दलात शिपाई व्हायचं, चार-सहा वर्षं बटालियनची भाकरी खायची, मग नाव पाठवायचं, चाचण्या द्यायच्या. तिथूनही निम्मे माघारी येतात आणि त्यात लाज काहीच नाही.

शिपायाची अट तुला पाठ असेल: दहावी पास, उंची १७० सेंटीमीटर, ५ किलोमीटर २४ मिनिटांत. उंचीत काही प्रवर्गांना सवलत आहे, त्यात मराठाही येतात. जाहिरात स्वतः वाच, अकॅडमीवाल्याच्या तोंडून ऐकू नकोस. राज्याच्या पोलिसांतूनही वाट आहे. तिथं धाव १६०० मीटरची. पुढं राज्याच्या विशेष सुरक्षा विभागात जाता येतं, तिथं मुख्यमंत्री, राज्यपाल यांची सुरक्षा असते.

कोण कोणाला राखतं याचा गावात फार घोळ आहे. एसपीजी १९८५ साली उभी राहिली, इंदिरा गांधींच्या हत्येनंतर. कायदा झाला १९८८ ला. २०१९ च्या दुरुस्तीनंतर ती फक्त पंतप्रधान आणि त्यांच्या सरकारी निवासात सोबत राहणारं जवळचं कुटुंब यांच्यासाठी. माजी पंतप्रधानांना पद सोडल्यापासून पाच वर्षं. बाकीच्यांना एक्स, वाय, वाय प्लस, झेड, झेड प्लस अशा श्रेण्या. आयबीचा अहवाल बघून गृह मंत्रालय त्या ठरवतं. काळ्या कपड्यांतली एनएसजी बरीच वर्षं मोठ्या नेत्यांबरोबर होती. २०२४ मध्ये ते काम सीआरपीएफकडे द्यायचं ठरलं. त्यामुळं तू सीआरपीएफमध्ये लागलास तर दार घरातच आहे. आणि २६ जानेवारीला राष्ट्रपतींच्या पुढं घोड्यांवर दिसतात ते वेगळे. ती फौजेची तुकडी, १७७३ साली वॉरन हेस्टिंग्जनं उभी केलेली. आजीला तेच "बॉडीगार्ड" वाटायचे आणि मी घोड्यावर का दिसत नाही असं ती दरवर्षी विचारायची.

आम्हाला कागदावर पीएसओ म्हणतात, म्हणजे वैयक्तिक सुरक्षा अधिकारी. बॉडीगार्ड हा शब्द फक्त लग्नपत्रिका वाटायला आलेले पाहुणे वापरतात.

पाठ करायची म्हणजे काय

नवीन पोरगा ड्यूटीवर आला की पहिल्या दिवशी हमखास एक चूक करतो. तो साहेबांकडे बघत राहतो. टीव्हीवरचा माणूस हातभर अंतरावर, बघणार नाही तर काय? भाषण चालू झालं की ऐकायला लागतो. विनोदाला हसतो. मी पहिल्या महिन्यात हसलो होतो. सभा संपल्यावर आमच्या इन्स्पेक्टरनं विचारलं, "जोक सुना? अच्छा था?" आणि पुढचे पंधरा दिवस मला मागच्या गाडीत बसवलं.

साहेब काय बोलतात ते तुला घरी गेल्यावर बातम्यांत कळलं पाहिजे. तुझं तोंड लोकांकडं, पाठ साहेबांकडं. साहेब कुठं आहेत ते डोळ्यांनी नाही, कानानं आणि अंदाजानं कळायला लागतं. चपलेचा आवाज, खोकला, माईकपासून तोंड लांब गेलं की बदलणारा सूर. सहा महिन्यांत येतं. चार-पाच जण असाल तर गोल वाटून घ्यायचा. घड्याळासारखा: तू दहा ते एक, दुसरा एक ते चार. आपल्या वाट्याबाहेर कितीही गोंधळ झाला तरी आपला वाटा सोडायचा नाही. कुठं फटाका वाजला की सगळ्यांच्या माना तिकडं वळतात आणि नेमकी तेव्हाच उरलेली बाजू उघडी पडते.

८ जुलै २०२२ ला जपानमध्ये नारा शहरात तिथले माजी पंतप्रधान शिंझो आबे रस्त्यावर उभे राहून भाषण करत होते. मागचा रस्ता मोकळा होता. मारेकरी मागून चालत आला. पहिला बार चुकला. दुसरा बार झाला तो अडीच सेकंदांनी. त्या अडीच सेकंदांत रक्षक आवाज कसला ते शोधत होते. मी ती चित्रफीत खूप वेळा बघितली. मला बंदूक दिसत नाही, मला तो मोकळा रस्ता दिसतो. कुणा एकाचा तो वाटा असायला हवा होता.

मग लोकांत बघायचं काय? हात. चेहऱ्यावर माणूस काहीही आणू शकतो, पण मारायला हात लागतो. सेल्फी काढणाऱ्याचा एक हात फोनला असतो, दुसरा कुठं आहे ते बघ. शालीखाली, पिशवीत, पाठीमागं, दुसऱ्याच्या खांद्यामागं गेलेला हात डोक्यात नोंदवून ठेव आणि तो बाहेर येईपर्यंत सोडू नकोस. हातानंतर दोन-तीन गोष्टी. मे महिन्यात जाड जाकीट. सगळे टाळ्या वाजवताना एकटाच गप्प. आणि साहेबांकडं न बघता तुझ्याकडं बघणारा माणूस. शेवटचा निम्म्या वेळा साध्या वेशातला पोलीसच निघतो, पण उरलेल्या निम्म्यांसाठी जवळ जाऊन "नमस्कार, कुठनं आलाय?" विचारायचं. गोड आवाजात. उत्तराशी देणंघेणं नाही. बोलताना त्याचे हात काय करतात ते बघायला विचारायचं.

सत्कार नावाचं संकट

दिल्लीतली ड्यूटी महाराष्ट्रातल्या दौऱ्यापुढं सोपी. आपल्याकडं सत्काराशिवाय कार्यक्रम होत नाही, आणि सत्कारातली एकेक वस्तू म्हणजे सुरक्षेच्या पुस्तकात मनाई असलेली वस्तू. तलवार देतात. गदा देतात. गळ्याभोवती कापड गुंडाळतात, तेही मागं उभं राहून. पेटता दिवा तोंडासमोर फिरवतात. कोयत्यानं नारळ फोडतात. वर जेसीबीतून फुलं टाकतात.

सरसकट नाही म्हणून चालत नाही. नेता लोकांचा आहे, लोक नसतील तर तुला तरी कशाला ठेवलाय? त्यामुळं मी माझ्या पुरती एक रीत बसवली होती, ती सांगतो.

तलवार आदल्या रात्री आपल्या ताब्यात घ्यायची. मूठ आणि म्यान बारीक तारेनं बांधून टाकायची, वरून मंडळाचीच भगवी रिबन. फोटोत कळतही नाही. व्यासपीठावर ती आपल्याच माणसानं आणून द्यायची आणि फोटो झाला की आपल्याच माणसानं घ्यायची. फेटेवाला एकच. त्याचं नाव, फोटो आधी स्थानिक पोलीस ठाण्याकडून तपासून घ्यायचं, टाचण्या मोजून द्यायच्या, आणि तो बांधत असताना तू त्याच्या समोर, त्याच्या हाताकडं बघत. बांधून तयार असलेला फेटा घालायला साहेब राजी असतील तर सोन्याहून पिवळं. औक्षणाला दोन बायका, यजमानांनी नावानिशी सांगितलेल्या, महिला पोलिसानं तपासलेल्या. ताट ओवाळताना उपरण्याचं टोक मात्र तू धरायचं. एकदा एका साहेबांच्या उपरण्याला निरांजनाची वात लागली होती. हातानंच विझवली. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटो आला, त्यात मी साहेबांना उपरणं घालतोय असं छापलेलं.

जेसीबीचं सांगतो. एका तालुक्याच्या गावी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन जेसीबी, प्रत्येकाच्या बकेटात फुलांच्या पाकळ्या आणि पाकळ्यांत उभी चार-चार पोरं. पुढं क्रेनला टांगलेला हार, असला की दोन माणसांना उचलायचा नाही. मी दुपारी पोचलो तेव्हा मंडळाचा अध्यक्ष अभिमानानं दाखवत होता. मी म्हटलं, "दादा, साहेबांच्या डोक्यावर माणूस नको आणि वजनही नको." तो चिडला. तीन दिवस खपलोय म्हणाला. त्याचंही खरं होतं. अर्धा तास चहा झाला. शेवटी पाकळ्या गाड्यांचा ताफा यायच्या आधी रस्त्यावर अंथरल्या, पोरं खाली, चालक गाड्यांच्या किल्ल्या आमच्याकडं देऊन बाजूला. हार व्यासपीठाच्या मागं पडद्यासारखा लावला. सगळ्या फोटोंत आला. अध्यक्ष दुसऱ्या दिवशी मला पेढे घेऊन शोधत होता.

आणि पाया पडणारे. हे नीट वाच. २१ मे १९९१, श्रीपेरुंबुदूर, रात्री दहाच्या पुढं. हार घेऊन आलेली बाई राजीव गांधींच्या पाया पडायला वाकली आणि वाकतानाच स्फोट केला. त्याआधी एका महिला पोलीस अधिकाऱ्यानं तिला मागं सारायचा प्रयत्न केला होता. राजीवजींनीच येऊ द्या अशी खूण केली. त्यांचे पीएसओ, दिल्ली पोलिसांतले प्रदीप गुप्ता, त्यांच्याबरोबरच गेले. तेव्हा राजीवजी पंतप्रधान नव्हते. १९८९ मध्ये सत्ता गेल्यावर एसपीजी काढून घेतली होती. त्यानंतर कायदा बदलला.

म्हणून कोणी वाकायला लागलं की डोकं खाली जायच्या आत तुझा हात त्याच्या कोपराखाली गेला पाहिजे. "अहो दादा, उठा, साहेबांना आवडत नाही." त्याला मान दिल्यासारखं वाटतं, आणि तुला त्याची काख, कंबर, बाही तिन्ही कळतात. म्हाताऱ्या बाईला दोन्ही हातांनी उठवायचं. माझ्या सगळ्या नोकरीत या एका हालचालीचा सराव मी सगळ्यात जास्त केला. घरी पाहुणे पाया पडायला वाकले तरी अजून माझा हात आपोआप जातो आणि बायको डोळे वटारते.

आधी जाऊन यायचं

साहेब जिथं जाणार तिथं आपण आधी जायचं. याला आम्ही एएसएल म्हणतो, म्हणजे अ‍ॅडव्हान्स सिक्युरिटी लायझन. स्थानिक पोलीस, महसूल, बांधकाम खातं, वीज मंडळ, आरोग्य, अग्निशमन, सगळे एका टेबलाला. बॉम्बशोधक पथकाचं कुत्रं फिरतं, दारात मेटल डिटेक्टरच्या चौकटी लागतात, व्यासपीठापुढं 'डी', म्हणजे त्या अक्षराच्या आकाराचा पट्टा, मोकळा ठेवतात. हे सगळं तुला ट्रेनिंगमध्ये शिकवतील. मी फक्त न शिकवलेलं सांगतो.

किल्ल्या विचार. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका कॉलेजात कार्यक्रम होता. काही झालंच तर साहेबांना न्यायची खोली ठरली, नकाशावर लाल चौकोन काढला, खिडक्या तपासल्या, सगळ्यांच्या सह्या झाल्या. कार्यक्रमाच्या दिवशी शेवटचा फेरा मारताना बघतो तर खोलीला कुलूप. किल्ली शिपायाच्या खिशात आणि शिपाई गावच्या जत्रेला. साहेब हेलिपॅडवर उतरलेले. मी कुलूप तोडलं, प्राचार्यांनी नंतर लेखी खुलासा मागितला. चूक माझी होती. दार तपासलं होतं, पण ते उघडं असताना. तेव्हापासून मी प्रत्येक दार बंद करून, कुलूप लावून, परत उघडून बघतो.

व्यासपीठावर स्वतः दहा जण चढवून उड्या मारायच्या. प्रमाणपत्रावर पंधरा माणसं लिहिलेली असतात आणि चढतात चाळीस, कारण प्रत्येक कार्यकर्त्याला फोटोत यायचं असतं. दवाखान्याचा रस्ता नकाशावर नाही, गाडीनं जाऊन बघायचा, आणि कार्यक्रमाच्या वेळेलाच जायचं, म्हणजे आठवडी बाजार आडवा येतो का ते कळतं. रुग्णवाहिकेचा चालक कोण, जेवायला कुठं बसतो, त्याचा नंबर. ३१ ऑक्टोबर १९८४ ला सफदरजंग रोडवर रुग्णवाहिका उभी होती, चालक जागेवर नव्हता. इंदिराजींना अँबेसेडरमधून एम्सला न्यावं लागलं. मी चालकाला माझ्यासमोर जेवायला बसवायचो.

गाडीत तू पुढं डावीकडं, साहेब तुझ्या मागं. आधी तू उतरायचं, चारी बाजू बघायच्या, मग साहेबांचं दार. कार्यकर्ता दार उघडायला धावेल, तू उघडू द्यायचं नाही. गाडी नेहमी तोंड बाहेरच्या रस्त्याकडं करून उभी. वळणं आणि गतिरोधक लक्षात ठेव, कारण गाडी तिथंच हळू होते. १० ऑगस्ट १९८६ ला पुण्यात माजी लष्करप्रमुख जनरल अरुणकुमार वैद्य यांच्यावर मोटारसायकलवरून आलेल्यांनी गोळ्या झाडल्या. जनरलसाहेब स्वतः गाडी चालवत होते. मी पुण्यात ड्यूटीला असलो की सिग्नलला शेजारी थांबणाऱ्या प्रत्येक दुचाकीच्या मागच्या सीटवर बसलेल्याच्या हाताकडं बघायचो. पुण्यात दुचाक्या किती, तुला माहीत आहे. संध्याकाळी मान दुखायची.

घडलंच तर

सराव तीनच गोष्टींचा असतो. ओरडायचं, झाकायचं, हलवायचं. पिस्तूल त्यात चौथं येतं, आणि साहेबांना चिकटून असलेल्या दोघांसाठी तर येतच नाही.

३० मार्च १९८१ चं वॉशिंग्टन बघ. अमेरिकेचे अध्यक्ष रेगन हॉटेलातून गाडीकडं चालले होते. हल्लेखोरानं १.७ सेकंदांत सहा गोळ्या झाडल्या. जेरी पार नावाच्या रक्षकानं रेगनना मागून ढकलून गाडीत कोंबलं. टिमोथी मॅकार्थीनं आवाजाकडं वळून हातपाय पसरले आणि पोटात गोळी घेतली. माणसाला आवाज झाल्यावर वाकावंसं वाटतं. शेळीला, कुत्र्यालाही तसंच वाटतं. मॅकार्थीनं उलट अंग पसरून मोठं केलं. ती वाकायची सवय शेकडो वेळा सराव करून मोडावी लागते. आम्हाला ढकलायला एक वाळूची गोणी दिली होती, तिला आम्ही नेत्याचं नाव ठेवलं होतं. कुणाचं ते सोड.

पुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. गाडी व्हाइट हाउसकडं निघाली होती. रेगनना गोळी लागलीय हे कोणालाच कळलं नव्हतं. पारला त्यांच्या तोंडातलं फेसाळ, लालभडक रक्त दिसलं. हे फुप्फुसातलं, एवढं त्याला माहीत होतं. त्यानं गाडी जॉर्ज वॉशिंग्टन रुग्णालयाकडं वळवली. रेगन वाचले. म्हणून प्रथमोपचाराच्या तासाला डुलक्या काढू नकोस. साहेबांचा रक्तगट, त्यांची औषधं, कशाची ॲलर्जी, एका कागदावर लिहून पाकिटात ठेव.

वर्दीवाल्याचेही हात बघ

हे लिहायला जड जातं. इंदिराजींना मारणारे दोघं त्यांच्याच सुरक्षेतले होते, बियंत सिंग आणि सतवंत सिंग. सकाळची वेळ, घराच्या आवारातली वाट, मुलाखतीला चाललेल्या. दोघांनी त्या दिवसासाठी ड्यूट्या बदलून घेतल्या होत्या. ३० जुलै १९८७ ला कोलंबोत राजीव गांधी मानवंदना घेत असताना रांगेतल्या श्रीलंकेच्या नौसैनिकानं बंदुकीचा दस्ता उगारला. राजीवजी वाकले म्हणून डोक्यावरचा घाव खांद्यावर निभावला. मानवंदनेची रांग म्हणजे सगळ्यांनी निवांत उभं राहायची जागा, असं तोवर वाटायचं.

तेव्हा ड्यूटी आपसांत बदलायची नाही. मित्र म्हणेल, बायकोला दवाखान्यात न्यायचंय, तू जा माझ्या जागी. जायचं, पण अधिकाऱ्याला सांगून, वहीत नोंद करून. सोबतचा गप्प गप्प राहायला लागला, प्यायला लागला, कर्जात गेला, कोणाचा राग धरून बसला, तर आधी त्याच्याशी बोल, मग वर सांग. चहाडी वाटेल. वाटू दे. मी एकदा सांगितलं होतं. तो माझ्याशी दोन वर्षं बोलला नाही. त्याला हत्यार नसलेलं काम मिळालं, उपचार झाले, पुढं मुलीच्या लग्नाची पहिली पत्रिका त्यानं मला आणून दिली.

साहेबांना नाही कसं म्हणायचं

सगळ्यात मोठं भगदाड साहेब स्वतःच असतात. नेत्याला लोकांत गेल्याशिवाय करमत नाही. गाडी थांबव म्हणतात, दोरीपलीकडं हात घालतात, रात्री म्हणतात, "तुम्ही जा रे झोपा, मी जरा फिरून येतो." स्वीडनचे पंतप्रधान ओलोफ पाल्मे २८ फेब्रुवारी १९८६ ला असेच रक्षकांना सुट्टी देऊन बायकोबरोबर सिनेमाला गेले होते. चालत घरी येताना स्टॉकहोमच्या भर रस्त्यात गोळी घातली.

वाद घालायचा नाही. नियम सांगितले की ते चिडतात आणि मुद्दाम मोडतात. आमच्या एका साहेबांना पहाटे एकटं चालायचं असायचं. मी म्हणालो, "साहेब, तुम्ही एकटेच चाला. डॉक्टरांनी मला शुगरसाठी चालायला सांगितलंय, मी माझा मागं चालतो." हसले. पुढं रोज विचारायचे, शुगर कशी आहे? मला कधी शुगर नव्हती.

पीएशी आणि गाडीच्या चालकाशी गोडीत राहा. दौऱ्याचा छापील कार्यक्रम आणि होणारा कार्यक्रम यांचा संबंध नसतो. बदल पीएला तासभर आधी कळतो आणि चालकाला त्याच्याही आधी.

साहेबांशी मैत्री मात्र नको. गावाकडची माणसं बदलीचे, अनुदानाचे अर्ज घेऊन तुझ्याकडं येतील. सख्खा चुलता येईल. एक अर्ज पुढं सरकवलास की तू पीएसओ राहत नाहीस. चुलत्यांना चहा पाज, पीएचा कार्यालयीन वेळ सांग आणि वाईट हो. मी झालो. आमच्या भावकीत अजून दोन घरं माझ्याकडं येत नाहीत.

अंग आणि घर

बूट एक नंबर मोठा घे, संध्याकाळपर्यंत पाय सुजतात. नवा बूट दौऱ्यावर पहिल्यांदा घालायचा नाही. पाणी पहाटे भरपूर, मग घोट घोट. आणि जिथं जाशील तिथं पहिली लघवीची जागा बघ, दुसरं सगळं नंतर. खिशात शेंगदाणे-गूळ किंवा चिक्की. यजमानांच्या पंगतीत बसायचं नाही, वास कितीही येऊ दे. सफारी एक माप ढगळ शिव, खाली पिस्तूल असतं, आणि शिंप्याला ते न सांगता शिवून घ्यायची कला शिक. ड्यूटीवरून आल्यावर पाय कोमट पाण्यात. कंबर चाळिशीत बोलायला लागते, तेव्हा आत्तापासून पोटाचे व्यायाम.

घरी कुठं आहेस ते सांगता येत नाही. आमची ही टीव्हीवर बघून ओळखायची की आज हे नांदेडला आहेत. थोरलीच्या दहावीचा निकाल मला एका मंत्रालयाच्या जिन्यात कळला आणि चेहरा तसाच ठेवावा लागला. सलग दिवाळ्या मी मोजल्या नाहीत, तिनं मोजल्यात. लग्नाचं बघताना मुलीला हे आधी सांग, फोटो नंतर दाखव.

आता तुला काम देतो. धावणं तू करतोच आहेस. उद्या सकाळी नऊच्या सुमाराला दहिवडीच्या एसटी स्टँडवर जा, म्हसवडची गाडी लागते त्या बाजूच्या बाकावर बस. मोबाइल घरी ठेव. पंधरा मिनिटं कोणाच्याही तोंडाकडं बघायचं नाही, फक्त हात. किती माणसं आली, कितींचे दोन्ही हात दिसले, कितींचा एकच दिसला, आणि न दिसलेला हात शेवटी कुठून बाहेर आला. वहीत लिहून ठेव. संध्याकाळी सातला फोन कर, आकडा सांग. ओळखीचं कोण भेटलं ते सांगितलंस तर परवा परत बसवीन.